वस्तू सापडते, जागा हरवते

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून द्यायला त्याने आपल्या एका मित्राला बोलावलं. मित्र निवृत्त माळी होता आणि निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला मेटल डिटेक्टर त्याच्याकडे होता. यंत्राने आवाज दिला तिथे उकरल्यावर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी वर येऊ लागली. थोडा ऐवज काढून झाल्यावर दोघांनी हात आवरला आणि शेताची मालकी असलेल्या कौन्सिलला व पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची मंडळी आली. त्यांनी उरलेला ठेवा मातीच्या मोठ्या ढेकळांसकट उचलून प्रयोगशाळेत नेला आणि तिथे सावकाश मोकळा केला. जवळपास १५,००० रोमन नाणी, सोन्याचे २९ दागिने आणि डझनांनी चमचे निघाले. पण खरी कमाई वेगळीच होती. हे सगळं ज्या ओकच्या पेटीत होतं ती कधीच कुजून गेली होती, तरी वस्तू जागच्या जागी राहिल्यामुळे पेटीचा आकार ओळखता आला. आत लहान पेट्या होत्या, त्यांना चांदीची इवलीशी कुलपं होती, आणि भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पेंढा घातलेला होता. सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन ४०७-४०८ ची. म्हणजे ब्रिटनमधली रोमन राजवट मोडकळीला आली त्याच सुमाराला एका श्रीमंत घरातल्या कोणीतरी घाबरून, पण नीट आवरून, हे जमिनीत ठेवलं होतं.

त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत खणत राहून सगळं पोत्यात भरलं असतं, तर नाणी तेवढीच मिळाली असती, सोनंही तेवढंच भरलं असतं. पेटी, कुलपं, पेंढा आणि ते आवरणारे हात मात्र कायमचे नाहीसे झाले असते. मेटल डिटेक्टर घेऊन बागांत, समुद्रकिनाऱ्यांवर, नांगरल्या शेतांत फिरणाऱ्या छंदाबद्दल बोलताना हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा. जमिनीतून निघालेल्या वस्तूचं अर्धंअधिक मोल ती कुठे आणि कशाशेजारी होती यात असतं. ती जागा फक्त सापडवणाऱ्याला ठाऊक असते. तो ती सांगेल की लपवेल, हे देशाचा कायदा त्याच्याशी कसा वागतो यावर बरंच अवलंबून असतं. हॉक्सनच्या माळ्याला १७ लाख ५० हजार पौंडांचं बक्षीस मिळालं आणि त्याने ते शेत कसणाऱ्या मित्रासोबत वाटून घेतलं. त्याचा प्रामाणिकपणा त्याचा स्वतःचा होताच, पण तो अंगावर येणार नाही अशी व्यवस्थाही तिथे होती.

यंत्र कसं चालतं हे कळलं की या विषयातलं पुष्कळसं गूढ गळून पडतं, आणि ते गळून पडणं आपल्याकडे तर फार गरजेचं आहे. गुप्तधन म्हटलं की आपल्याला हंडा आठवतो, त्यावर वेटोळं घातलेला नाग आठवतो, अमावास्येची रात्र आठवते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, इतकं हे वेड जीवघेणं आहे. डिटेक्टरला यातलं काहीच कळत नाही. दांडीच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते आणि चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातला वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरं वेटोळं टिपतं. प्रतिसाद किती मागे पडला यावरून धातू विजेचा किती चांगला वाहक आहे याचा अंदाज यंत्र बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, त्याखालची सहसा कळत नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली याच तत्त्वावरचं उपकरण अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला आणलं होतं. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ घातला, डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली आणि गोळी काही सापडली नाही. यंत्र धातू सांगतं, कोणता धातू हवा आहे ते माणसालाच ठरवावं लागतं, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पडद्यावरच्या आकड्यात एक मोठी अडचण आहे. चांदीचं जाड नाणं वरचा आकडा दाखवतं, लोखंडी खिळा खालचा. पण सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं यांचे आकडे जवळजवळ एकाच पट्ट्यात येतात. कडी नकोत म्हणून तो पट्टा बंद केला की सोनंही बंद होतं. त्यामुळे अंगठी शोधणाऱ्याला आधी ढीगभर कडी, चांदीच्या कागदाचे बोळे आणि बाटल्यांची झाकणं खणून काढावी लागतात. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली माती विकत घेऊन ती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी होते. धीराच्या बाबतीत या छंदाचं नातं त्यांच्याशी आहे. नाशिकच्या रामकुंडात किंवा पंढरपूरच्या चंद्रभागेत दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढणाऱ्या पोरांशी मात्र नाही, कारण चुंबकाला फक्त लोखंडाच्या जातीचा धातू चिकटतो. सध्याचं एक-दोन रुपयांचं नाणं चुंबकाला लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं असतं म्हणून ते वर येतं. सोनं, चांदी, तांबं तळाशीच राहतं.

समुद्रकिनाऱ्यावर या छंदाचा सर्वांत निरुपद्रवी चेहरा दिसतो. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगाला तेल किंवा मलम लावलेलं असतं, लाटेचा झटका बसतो आणि अंगठी निसटते. सोनं वाळूच्या कणांपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे प्रत्येक लाटेबरोबर ती खाली जाते, खालच्या घट्ट थराला टेकली की तिथेच बसते. एखादं वादळ वरची वाळू ओढून नेतं तेव्हा तो थर उघडा पडतो. म्हणून जाणकार लोक ऐन सुट्टीच्या दिवशी न जाता वादळानंतरच्या पहाटे, ओहोटी लागली की किनाऱ्यावर येतात. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज सहज वाहते, त्यामुळे साधं यंत्र तिथे उगाचच ओरडत राहतं. किनाऱ्यासाठी वेगळी यंत्रं असतात. ती विजेचे ठोके देतात आणि मधल्या शांततेत येणारा प्रतिसाद ऐकतात. इथे जागेला बोलण्यासारखं फारसं काही नसतं. भरती-ओहोटीने वाळू रोज उलथीपालथी होते, काल इथे असलेली अंगठी आज चार हात पलीकडे. ती कोणत्या थरात होती हे लिहून ठेवून इतिहासाच्या हाती काही लागत नाही.

पण जागा मुकी असली तरी वस्तूला मालक असतो. किनाऱ्यावर सापडलेलं सोनं सापडेल त्याचं, ही समजूत इंग्लंडातही आहे आणि आपल्याकडेही. ती दोन्हीकडे चूक आहे. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्याचा सारांश असा, की वाजवी प्रयत्न करून मालक सापडू शकतो हे माहीत असताना वस्तू खिशात घालणं ही चोरी ठरू शकते. आपला १८७२ चा करार कायदा तर सापडवणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी टाकतो. लग्नाच्या अंगठीच्या आत कोरलेली तारीख, अद्याक्षरं, सोनाराचा छाप यांवरून मालक पुष्कळदा सापडतो. अनोळखी माणसाची अंगठी शोधून परत देण्यासाठी आपली रविवारची सकाळ खर्च करणारे डिटेक्टरवाले तिकडे ठिकठिकाणी आहेत, आणि या छंदातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. बुडालेल्या जहाजावरचं काही हाती लागलं तर नियम आणखी वेगळा: ब्रिटनमध्ये ते २८ दिवसांच्या आत त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळात शोधायचं तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, कारण तो गाळ समुद्राच्या वाळूसारखा मुका नाही. दोन हजार वर्षांचं शहर त्यात थराथराने पडलेलं आहे.

बाग किनारा आणि शेत यांच्या मधली. बाकांखाली, झोपाळ्यांभोवती, मोठ्या झाडांच्या सावलीत माणसं बसतात आणि तिथेच त्यांच्या खिशांतली नाणी गळतात. पण बागेची जमीन नगरपालिकेची, त्यामुळे तिकडे परवानगीवाचून यंत्र चालवता येत नाही, आणि अनेक पालिका ती देतच नाहीत. देतात त्यांची पहिली अट हिरवळीची असते. जाणता माणूस हिरवळीला नालेच्या आकाराचा काप देतो, चौथी बाजू मुळांसकट जोडलेली ठेवतो. तो तुकडा पुस्तकाच्या पानासारखा उलटतो, खालची माती फडक्यावर काढतो, गाजराएवढ्या हातशोधकाने वस्तू नेमकी कुठे आहे ते पाहतो, मग माती परत लोटून तुकडा मिटतो आणि पायाने दाबतो. आठवड्याने तिथे कोणी खणलं होतं हे कळूही नये. ही केवळ बागेच्या गवताची काळजी नव्हे. भोक पाडण्याआधी थांबून विचार करायची सवय इथे लागते, आणि हीच सवय पुढे शेतात उपयोगी पडते, जिथे जागा बोलू लागते.

शेतातल्या शोधाबद्दलचा इंग्लंडचा कायदा एका कटू अनुभवातून सुधारला. १९८० च्या दशकात सरे परगण्यात वनबरो इथल्या रोमन काळातल्या मंदिराच्या जागेवर रात्री यंत्रं घेऊन लुटारू उतरले आणि प्राचीन नाणी हजारोंनी उपसून घेऊन गेले. तेव्हाचा कायदा शतकानुशतकांच्या रूढीवर उभा होता. सोनं-चांदी पुरणाऱ्याचा ती परत येऊन काढायचा हेतू होता, हे सिद्ध झालं तरच तो राजाचा ठेवा. देवाला वाहिलेलं नाणं परत घ्यायचं असतं का? या प्रश्नावर जुना कायदा लुळा पडला. या लुटीने नव्या कायद्याच्या मागणीला जोर आला, १९९६ साली कायदा मंजूर झाला आणि १९९७ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. त्याने हेतूचा प्रश्नच बाजूला ठेवला. वस्तू ३०० वर्षांहून जुनी आहे का, तिच्यात दहा टक्के तरी सोनं किंवा चांदी आहे का, नाणी एकत्र सापडली का, अशा मोजता येणाऱ्या कसोट्या लावल्या. सापडवणाऱ्याने १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा चौकशीचा अधिकार असलेल्या न्यायाधिकाऱ्याला, कळवायचं. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञांची समिती तिचा बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम सहसा सापडवणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. संरक्षित स्मारकाच्या जागेवर विनापरवाना यंत्र चालवणं हा १९७९ पासूनच गुन्हा आहे. पुढे २०२३ मध्ये २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या इतर धातूंच्या वस्तूही या चौकटीत आल्या.

मला याहून मोठं काम वाटतं ते कायद्याच्या जोडीने १९९७ सालीच सुरू झालेल्या नोंदणी योजनेचं. कायदा मुख्यतः सोन्या-चांदीच्या आणि समूहाने सापडलेल्या वस्तूंपुरता. बहुतेकांना सापडतं ते मात्र एखादं झिजलेलं तांब्याचं नाणं, कमरपट्ट्याची कडी, कपड्याची पिन, शिशाचं वजन. ते घरी ठेवायला या कायद्याची हरकत नाही. पण परगण्यापरगण्यात या योजनेचे अधिकारी बसतात. त्यांना वस्तू दाखवली की ते तिचं छायाचित्र, वजन आणि सापडल्याची जागा नोंदवून वस्तू परत देतात. आज या नोंदी १५ लाखांहून जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतांश डिटेक्टरवाल्यांनी आणून दिलेल्या वस्तूंच्या आहेत. एकट्या नाण्याला सांगण्यासारखं थोडंच असतं, पण त्याच जातीच्या हजार नाण्यांच्या जागा नकाशावर टाकल्या की कुठे बाजार भरत होता, कोणता रस्ता वाहता होता, कोणती वस्ती कधी उठली हे दिसायला लागतं. संग्रहालयाच्या एखाद्या मोहिमेला शंभर वर्षं लागली असती असं हे काम हौशी माणसांच्या पायांनी झालं आहे.

यावर पुरातत्त्वज्ञांचा जुना आक्षेप असा, की ही हौसच मुळात नुकसानकारक आहे. हजारो माणसांना खणायला मोकळीक देऊन त्यातल्या थोड्यांच्या प्रामाणिकपणावर विसंबणं म्हणजे जमिनीतलं पुस्तक पान-पान फाडायला देण्यासारखं आहे. आयर्लंडने हाच विचार मानला. तिथे प्राचीन वस्तूंचा शोध घ्यायला यंत्र वापरायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. आक्षेप हलका नाही. पण त्यात एक गोष्ट निसटते. नांगराच्या फाळाने उलटलेल्या मातीत थर मुळातच मोडलेले असतात. तिथलं नाणं दर हंगामाला उलटतं, खतांच्या क्षारांनी झिजतं, अवजारांनी चेचलं जातं. ते वर काढून त्याची जागा नोंदली तर काहीतरी वाचतं. न काढलं तर आणखी पन्नास वर्षांत तेही उरत नाही. फाळाच्या खाली, न हललेल्या थरात मात्र आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि म्हणूनच इंग्लंडच्या सदाचार-संहितेचा नियम स्पष्ट आहे: वस्तू नांगरलेल्या थराखाली जाताना दिसली की खणणं थांबवायचं आणि जाणकाराला बोलवायचं. हॉक्सनला झालं ते हेच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: बक्षीस दिलं की लोभ वाढतो. जून २०१५ मध्ये हेरफर्डशायरमधल्या लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. सोन्याचे दागिने होते, चांदीची कांब होती आणि अंदाजे ३०० नाणी होती. कायदा होता, बाजारभाव मिळण्याची खात्री होती; तरी त्यांनी कळवलं नाही, नाणी गुपचूप विकायला काढली. परत मिळाली ती ३० च्या आसपास. २०१९ मध्ये दोघांना अनेक वर्षांची कैद झाली. पण त्या मूठभर नाण्यांतच अशी काही होती, की त्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांच्या राजवटी जोडीने उभ्या दिसतात. नंतरच्या इतिवृत्तांनी ज्या केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं म्हणून निकालात काढलं, तो आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी होता, अशी साक्ष ही नाणी देतात. उरलेली २७० नाणी काय बोलली असती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. या प्रकरणातून बक्षीस निरुपयोगी ठरतं असं मला वाटत नाही. योग्य मोबदला प्रामाणिक माणसाचा रस्ता सरळ करतो; लबाडासाठी तुरुंग लागतोच. दोन्हींपैकी एकच ठेवून भागत नाही.

हे सगळं परक्या देशाचं पुराण वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला यावं. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला, सुमारे १३,२५० नाण्यांचा. सगळी नाणी क्षहरात वंशातल्या क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर मूळ छापावरच दुसरा छाप मारलेला होता, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाच्या मुद्रेवर सातवाहनांचा चैत्य आणि उज्जैनचं चिन्ह उमटलेलं असं एक नाणं हातात धरलं, तर दोन राजवटी एकाच चांदीत दिसतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा शिलालेख आहे; त्यात तिने आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचं सांगितलं आहे. पण आईने केलेली मुलाची स्तुती हा इतिहासात एकट्याने पुरेसा पुरावा होत नाही. जोगलटेंभीची नाणी त्या शिलालेखाची स्वतंत्र साक्षीदार ठरली, आणि ती ठरली एकत्र सापडून एकत्र मोजली गेल्यामुळे. किती नाणी पुन्हा छापलेली आणि किती तशीच, हे प्रमाण कळलं म्हणून नहपानाचा पराभव आणि त्याच्या चलनाचा सातवाहनांनी घेतलेला ताबा उजेडात आला. तीच नाणी एकेक करून तेरा गावांच्या सोनारांकडे गेली असती तर प्रत्येक नाण्याचं दोनेक ग्रॅम चांदीत रूपांतर झालं असतं.

जागेची नोंद निसटली की काय होतं, याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. प्रवरेच्या काठी, अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाची चार शिल्पं सापडली: बैलजोडीचा रथ व त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून ६० किलोंहून जड. ती सरकारजमा झाली हे त्या माणसाचे उपकारच. नाहीतर एवढं धातूचं वजन भंगाराच्या तराजूवर सहज गेलं असतं. पण ती शास्त्रीय उत्खननात, ठरलेल्या थरात मिळाली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. ढवळीकरांनी ती उत्तर हडप्पाकालीन मानली, तर डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या घटकांवरून ती बरीच अलीकडची असावीत अशी शंका घेतली. पुरातत्त्वज्ञ साळींनी १९७५ ते १९७९ मध्ये केलेल्या उत्खननाने तिथली उत्तर हडप्पा वस्ती स्पष्ट केली, बहुतेकांचा कलही त्याच बाजूला आहे. तरी शिल्पांभोवतीची दोन हात माती तेव्हाच तज्ज्ञांच्या नजरेखाली मोकळी झाली असती, तर या वादाला जागाच उरली नसती.

आपल्याकडे अशा शोधाला लागू होतो तो १८७८ चा भारतीय गुप्तनिधी कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि ऐवज कोषागारात ठेवायचा. शंभर वर्षांच्या आत कोणी तो पुरल्याचा दावा सिद्ध झाला नाही तर तो बेवारशी ठरतो. जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक मालकाला. इथवर कायदा उदारच म्हणावा. पण सरकारला तो ठेवा हवा असेल तर द्यायची किंमत ठरते धातूच्या मोलाइतकी, अधिक त्याचा एक पंचमांश. नहपानाच्या नाण्यासाठी दोन ग्रॅम चांदीचे पैसे आणि वर वीस टक्के. नाणेसंग्राहक त्याला किती देईल हे हिशेबातच नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी नाणं आणि चांदीचा तुकडा यांत वीस टक्क्यांचा फरक, आणि तोही अनेक खेपा, जबाब, तारखा यांनंतर. न कळवल्यास हिस्सा जातो, वर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. विहीर, शेततळं किंवा घराचा पाया खणताना हंडा लागलेल्या माणसाने यातून काय शिकावं? तो शिकतो, की वितळवलेल्या सोन्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

इथे हरकत घेतली जाईल, आणि ती रास्त आहे, की आपल्याकडे मोबदला बाजारभावाने ठरवला तर उद्या गावोगावच्या टेकाडांवर यंत्रं फिरतील. डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो. आपली प्राचीन गावठाणं बहुधा असंरक्षित आहेत, त्यांची पांढरी माती ट्रॉलीने शेतात जाते, राखण करायला माणूस नाही. इंग्लंडात परगण्याला एक नोंदणी अधिकारी असतो, आपल्याकडे त्या तोडीची यंत्रणाच नाही. म्हणून तिथला छंद जसाच्या तसा उचलून इथे आणावा असं मी म्हणत नाही. प्राचीन वस्तूंच्या शोधासाठी यंत्र चालवायला परवान्याची अट हवी, टेकाडांवर आणि लेण्यांभोवती ते पूर्ण बंदच हवं. या बाबतीत आयर्लंडचा मार्ग आपल्याला जवळचा आहे. किनाऱ्यावर हरवलेली अंगठी शोधणाऱ्याला मात्र गुन्हेगार समजायचं कारण नाही. माझा आग्रह शोधायला न निघालेल्या माणसासाठी आहे, ज्याच्या नांगराला किंवा जेसीबीच्या दातांना काही लागतं. महाराष्ट्रात बहुतेक ठेवे असेच निघतात. त्याला वस्तूचा खरा भाव मिळाला, ठरलेल्या मुदतीत मिळाला, आणि कळवायला जिल्ह्याच्या गावाऐवजी तालुक्याला, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात तरी जाता आलं, तर त्यातले बरेच जण जातील. यंत्रांना मोकळं रान न देताही हे करता येतं.

आणखी एक हरकत भावनेची: ज्यांच्या संग्रहालयांत साऱ्या जगाचा लुटलेला ठेवा आहे, त्यांच्याकडून ठेव्यांबद्दल काय शिकायचं? संताप खरा आहे. पण १८७८ चा कायदाही त्याच राज्यकर्त्यांनी आपल्यासाठी केला होता. त्यांनी स्वतःच्या मातीसाठीचा कायदा १९९६ मध्ये बदलला आणि नंतरही दुरुस्त करत राहिले; आपण मात्र दिलेला कायदा, दहा रुपयांच्या आकड्यासकट, अजून जपून ठेवला आहे.

त्या जुन्या कायद्यात एक गोष्ट मात्र नेमकी आहे. चौथ्या कलमाप्रमाणे कळवणाऱ्याने ऐवज काय नि किती किमतीचा आहे हे तर लिहायचंच, शिवाय तो कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या तारखेला सापडला हेही लिहायचं. जोगलटेंभीचा ठेवा याच कायद्याच्या काळात निघाला. बक्षिसाचं कलम बदलताना या ओळीला हात लावू नये. उलट तिच्याखाली आणखी एक रकाना वाढवावा. वस्तूंच्या आजूबाजूला मातीत आणखी काय दिसलं: खापर, कोळसा, लाकडाचा काळा डाग, कापडाचा धागा.